आमच्या ह्यांच्या उड्या आणि एक उंबरा

आमचे हे धावायचे. नुसते धावायचे असते तर मी लिहायला बसले नसते. आमच्या रानात गवा मागे लागला की कुणीही धावतो. हे वाटेत जे आडवं येईल त्यावरून उड्या मारत धावायचे आणि त्याबद्दल साहेबलोक त्यांना कप द्यायचे. बेळगावच्या पलटणीत त्या शर्यतीला इंग्रजीतलं काहीतरी लांबलचक नाव होतं. ते ह्यांना धड म्हणता यायचं नाही. सासूबाई तिला ‘माकडांची शर्यत’ म्हणायच्या आणि घरात तेच नाव टिकलं.

ह्यांचं नाव मी सांगणार नाही. लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेतलं, तेवढं पुरे.

माझे वडील खानापूरकडच्या एका खेड्यात शाळामास्तर. मला लिहिता-वाचता येतं ही त्यांची कृपा आणि सासूबाईंची डोकेदुखी. वडील एकदा कामासाठी बेळगावला गेले होते. तिथे मैदानावर गर्दी दिसली म्हणून थांबले, तर एक सडपातळ जवान लाकडांवरून, झुडपांच्या कुंपणावरून, पाण्याच्या खड्ड्यावरून उडत येताना दिसला. शेवटी साहेबानं त्याच्या हातात चकचकीत कप दिला. मुलगा आपल्यातलाच आहे, बिनलग्नाचा आहे, एवढी चौकशी वडिलांनी तिथल्या तिथे केली. घर पाहिलं नाही, शेत पाहिलं नाही, सासू तर नाहीच नाही. कप पाहिला आणि मुलगी दिली. चांगला शिकलेला माणूस, पण चांदीची चकाकी दिसली की शिक्षण कुठे जातं कोण जाणे. आणि ती चांदीही नव्हती. वर्षभरात कपाच्या पोटातून पितळ दिसायला लागलं.

लग्न लागल्यावर कॅसलरॉकला गाडीतून उतरलो आणि तिथून रानातून चालत निघालो. कुंभारवाडा गावाच्या अलीकडे, झाडांत लपलेली चार-दोन घरं, ते आमचं गाव. पाय सुजले होते, डोळ्यांवर झोप होती. दारातलं तांदळाचं माप लवंडलं आणि न बघता पाय पुढे टाकला, तो थेट उंबऱ्यावर.

“अगे बाय! उंबऱ्यास पाय लावतीस? मास्तराची लेक न्हवं तू?” सासूबाई ओरडल्या. सासरचं पहिलं वाक्य ते. आरती नंतर.

आमच्या माहेरीही उंबऱ्यावर पाय ठेवत नाहीत, पण आमचा उंबरा दोन बोटांचा. हा चांगला दीड वितीचा. माझ्या आजेसासऱ्यांनी जांब्याचं झाड पाडून त्याच्या गाभ्याचा घडवलेला, लोखंडासारखा काळा. पावसात साप-बेडूक आत येऊ नयेत म्हणून उंच ठेवलेला. सासूबाई रोज सकाळी तो धुवायच्या, त्याला हळद-कुंकू लावायच्या आणि मग दिवसभर पोलिसासारख्या त्याच्यावर नजर ठेवायच्या. त्याच्यावर पाय ठेवायचा नाही, बसायचं नाही, टेकायचं नाही. त्या घरातली पोरं चालायला शिकायच्या आधी उडी मारायला शिकायची. आमच्या ह्यांच्या सगळ्या मर्दुमकीचं मूळ तिथं होतं, पलटणीत नव्हे.

पलटणीत ते गेले कसे, याची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की मी झोपेतही दुरुस्त करून सांगू शकेन. ऐन तारुण्यात एकदा ते कॅसलरॉकला फणस विकायला गेले होते. गाडी सुटायची वेळ झालेली. फाटकातून वळसा घालायला उशीर होईल म्हणून खांद्यावरच्या फणसासकट स्टेशनाचं कुंपण त्यांनी ओलांडलं, मग एक बाकडं, मग बाकड्यावर झोपलेला एक जकातीचा शिपाई. गाडीच्या खिडकीतून एक सुभेदार हे बघत होता. फणस त्यानं घेतला आणि ह्यांनाही बरोबर घेतलं. पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा फणस एक होता. पुढे दोन झाले. आमची मुलगी कळती झाली तोवर दोन्ही खांद्यांवर फणस आणि डोक्यावर केळ्यांचा घड असा थाट होता. मी मध्येच म्हणायची, “अहो, एखादा फणस उतरवा की खाली, दमाल.”

बेळगावच्या त्या शर्यतीत पाण्याचा एक खड्डा असायचा आणि त्याच्या अलीकडे एक जाड आडवं लाकूड. बाकीचे जवान काय करायचे, तर लाकडावर पाय देऊन उडी मारायचे आणि पाण्याच्या कडेला एक पाय भिजवून पुढे पळायचे. हे लाकडाला पाय लावायचेच नाहीत. लाकूड आणि पाणी, सगळं एका झेपेत पार. खड्ड्याशेजारी एक गोरा साहेब खुर्ची टाकून बसायचा, कोण कसा उडी मारतो ते बघायला. तो म्हणे खुर्चीवरून उठून उभा राहिला. जंगलातल्या माणसानं नवीन युक्ती काढली असं त्याला वाटलं. दुसऱ्या वर्षी त्यानं सगळ्यांना हुकूम दिला की अशीच उडी मारायची, लाकडाला बूट लागता कामा नये. अर्धी पलटण पाण्यात पडली आणि उरलेली लंगडत दवाखान्यात गेली. हुकूम गुपचूप मागे घेतला गेला.

मी ह्यांना एकदा विचारलं, “अशी उडी तुम्हाला सुचली कशी?”

“सुचतंय काय त्यात?” ते म्हणाले. “आडवं लाकूड म्हंजे उंबराच की गे. त्येच्यावर पाय द्यायचा म्हंजे आयेच्या डोस्क्यावर पाय दिल्यागत वाटतंय मला.”

साहेबाला हे कुणी सांगितलं नाही ते बरं झालं. त्यानं बहुतेक सासूबाईंना पलटणीत भरती केलं असतं.

काही वर्षं त्यांनी गाजवली. बेळगाव झालं, पुणे झालं, आणखी कुठल्या कुठल्या छावण्यांतून बोलावणं यायचं. कप यायचे. पहिल्या कपानं सासूबाई तांदूळ मापायच्या. दुसऱ्यात मीठ. तिसऱ्याचा एक कान तुटला, तो कोंबड्यांना पाणी ठेवायला गेला. हे रजेवर आले की प्रत्येक कप कुठल्या कामावर नेमलाय याची आधी तपासणी करायचे आणि मग दिवसभर गप्प बसायचे. मला त्यांची कीव यायची, पण मिठाला झाकणाचं भांडं तेवढं एकच होतं.

मग मोठी लढाई लागली. पलटण समुद्रापलीकडे बसऱ्याला, तुर्कांशी लढायला गेली. तिकडून परत आले ते अंगावर ओरखडाही न घेता. लढाईचं विचारलं की एवढंच म्हणायचे, “नुसती वाळू गे. उडी माराय काय सुदीक न्हाई.” त्याहून जास्त मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. परत आले ते कायमचे. भाताची खाचरं, थोडी बागायत आणि रानातली कामं. बांधावरून चालत जायचं सोडून हे बांध ओलांडत जायचे. खाचरात त्यांच्या पायांचे ठसे बघून कुणीही ओळखावं की इथून आमचे हे गेलेत.

आणि लोक. लोकांनी त्यांना सुखानं म्हातारं होऊ दिलं नाही. गुंद गावच्या जत्रेत, शिमग्यात, कुणाच्या बारशात, कुठेही गेले की, “जरा उडी मारून दाखवा की.” जंगलखात्याचा साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं उडी. शिमग्याला होळीवरून उडी. नाही म्हणणं ह्यांच्या रक्तात नव्हतं. चाळिशी उलटली, गुडघे करकरायला लागले, मी रात्रंदिवस तेल चोळतेय, आणि ह्यांचं आपलं कुणी टाळी वाजवली की धोतर वर.

आम्हाला एकच मुलगी. तिला बघायला लोंढ्याकडची मंडळी आली. चांगली माणसं होती, किराणा दुकानवाली. मुलगी पसंत पडली, तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा त्याहून पसंत पडला. निघताना मुलाचे वडील म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या उडीचं लई ऐकलंय. एकदा बघू द्या की आमास्नी.”

मी दारातून डोळे वटारले. उपयोग झाला नाही. अंगणात ओलांडण्यासारखं दुसरं काही नव्हतं, फक्त आमची म्हैस रवंथ करत बसलेली. ह्यांनी धोतर खोचलं, मागे गेले, पळत आले, उडी मारली, आणि म्हैस उठली.

म्हशीला मी दोष देत नाही. ती तिच्या उठायच्या वेळेला उठली. हे तिच्या पाठीवर आडवे पडले आणि पलीकडे कोसळले. मुलाच्या वडिलांना वाटलं हे असंच असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बसऱ्याच्या तुर्कांना जे जमलं नाही ते आमच्या म्हशीनं केलं.

हाडवैद्यानं पाला बांधला, बांबूच्या कांबी बांधल्या. सूज उतरली, पण उजवा गुडघा वाकायचा बंद झाला आणि डावा तर आधीच नावापुरता. काठी घेऊन हे चालायला लागले. सपाटीवर ठीक. पण पाय जमिनीपासून चार बोटांच्या वर उचलेना. आणि आमचा उंबरा दीड वितीचा.

तेव्हा मला कळलं की घरात काय होऊन बसलंय. कितीतरी छावण्यांमधली लाकडं ओलांडलेला माणूस स्वतःच्या दारातून बाहेर पडू शकत नव्हता. हातानं पाय उचलून उंबऱ्यावर ठेवला असता तर बाहेर पडता आलं असतं, पण ठेवणार नाही. बसून पाय पलीकडे टाकायचे, तर बसणार नाही. आम्ही धरून उचलतो म्हटलं, तर डोळे लाल करून म्हणाले, “ह्या दारातनं मला येकदाच उचलून न्यायचं. तवा काय मी न्हाई म्हणणार न्हाई.”

मागच्या दाराला तसाच उंबरा, त्याच झाडाचा. राहिला गोठा. गोठा घराला लागून, आतून वाट, आणि त्याला उंबरा नसतो, गुरं अडखळतात म्हणून. तेव्हा हे रोज गोठ्यातून बाहेर पडायचे आणि गोठ्यातून आत यायचे. येता-जाता म्हैस त्यांच्याकडे बघायची. हे तिच्याकडे बघायचे नाहीत.

इतके दिवस चाललं. पण माघात लग्नाची तिथी निघाली आणि प्रश्न उभा राहिला. मांडव पुढच्या अंगणात. मुलीचा बाप मांडवात येणार कुठून? सगळ्या पाहुण्यांसमोर गोठ्यातून?

“तुजा भाऊ करू दे कन्यादान,” हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “मी आतनं बघतो. दिसतंय की हितनं.”

मी खूप बोलले. साहेबाच्या पितळी कपासाठी तंगड्या उचलल्या, होळीवर उचलल्या, म्हशीवर उचलल्या, पोटच्या पोरीसाठी एक पाय लाकडाला लागला तर काय आभाळ कोसळणार आहे, असं सगळं. त्यांच्या हातात मुलीच्या लहानपणीचं एक बांबूचं खेळणं होतं, ते नुसतं फिरवत राहिले. हा माणूस लग्नाला येणार नाही आणि मग उरलेल्या आयुष्यात त्या दिवसाबद्दल कधी बोलणार नाही, बसऱ्याबद्दल बोलत नाही तसाच, हे मला दिसलं आणि भीती वाटली.

मुलगी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, “बाबा गोठ्यातनं येणार असतील तर मी बी गोठ्यातनंच मांडवात येणार. म्हशीच्या मागनं.”

“नवरी गोठ्यातनं?” सासूबाईंना ठसका लागला. मग त्या उठल्या आणि परसात जाऊन बसल्या. ज्या बाईनं ह्यांना हे वेड लावलं ती तुळशीशेजारी बसून पानाला चुना लावत होती. माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही.

सुगी झाल्यावर आमच्याकडे अंगण नवीन करायचं असतं. पावसानं वाहून गेलेली माती पुन्हा भरायची, पाणी मारायचं, चोपण्यानं बडवून दगडासारखी करायची, वरून शेणानं सारवायचं. हे बायकांचं काम. लग्नाचं अंगण म्हणून मी वारुळाची माती आणत होते; ती बसली की हलत नाही. पाट्या आणून दारापाशी ओतत होते, रागारागानं ओतत होते, आणि बघते तर ढीग उंबऱ्याच्या कडेला टेकलेला. मी तिथेच उभी राहिले. उंबरा खाली आणता येत नाही. पण जमीन वर नेता येते की. बाहेरून अंगण चढतं करायचं, आतून माजघर उतरतं करायचं. गाडीवाटेला चढ असतो तसा.

मी कुणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि माती भरायला लागले. बाहेरची बाजू झाली, आतली अर्धी झाली, आणि सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात पान तसंच. जांब्याचा काळा उंबरा मातीत गळ्यापर्यंत गेलेला. मी चोपणं घट्ट धरलं. इतक्या वर्षांचं जे काय बोलायचं राहिलं होतं ते सगळं मी तोंडात तयार ठेवलं होतं.

त्यांनी वाकून उंबऱ्याच्या काळ्या कडेवरची माती बोटानं झाडली. मग म्हणाल्या, “कपाळ उघडं ठेव त्येचं. हळद कुठं लावू मी?”

आणि माझ्या हातातलं चोपणं काढून घेऊन खाली बसल्या आणि माती बडवायला लागल्या. हात सुकलेल्या काटक्यांसारखे, पण ठोका असा की कुंभारवाड्याला ऐकू जावा. माझं तयार ठेवलेलं भाषण मी गिळलं. आयुष्यात एकदाच त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, हात मातीचे होते.

हे कोपऱ्यात दोर वळत बसले होते. बघत नाही असं दाखवत सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, “पावसाळ्यात घसरंल कोणतरी.”

“तुमी वळा दोर,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

लग्नाच्या दिवशी सासूबाई सकाळपासून दाराशेजारी बसल्या. तांदूळ मापायच्या त्या कपात हळद कालवलेली. उंबऱ्याचं उघडं राहिलेलं कपाळ त्यांनी पिवळंजर्द केलं होतं. तिथून त्या हलेनात. बेळगावच्या पाण्याच्या खड्ड्याशेजारचा साहेब असाच बसत असेल.

मुहूर्त जवळ आला. हे माजघरातून निघाले. पलटणीचा जुना कोट, डोक्याला फेटा, हातात काठी. चढ चढून दारात आले आणि थांबले. वाजंत्री थांबली. मुलगी मांडवातल्या पाटावरून मान वळवून बघत होती. समोर लाकूड आडवं, जमिनीच्या पातळीला, हाताच्या रुंदीचं. आमच्या ह्यांनी काय केलं असेल? सवयीनं दोन पावलं मागे गेले. धाव घ्यायला! पाहुण्यांत कुणीतरी खुसखुसलं. मला हसू येत होतं.

डावा पाय नीट पलीकडे पडला. उजवा त्यांनी काठीवर भार देऊन मागून ओढला. तो ताठ पाय वर्तुळ काढत आला आणि अंगठा उंबऱ्याला घासला. अगदी थोडा. ओल्या हळदीत रेघ उठली, ती मी पाहिली. ह्यांना तर ते अंगभर लागलं असणार. चेहरा पांढराफटक झाला. एवढा मोठा बाप्या, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि मार खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा आईकडे बघायला लागला.

सासूबाईंनी मान अंगणाकडे वळवली.

“वाजवा की रे बाबानू! काय बघत बसलाय?” त्या वाजंत्र्यांवर खेकसल्या. आणि मग ह्यांच्याकडे न बघताच, हळू, “झाली उडी. चल आता, पोरगी खोळंबलीया.”

कन्यादान ह्यांनी केलं. उंच चौरंगावर पाय लांब करून बसले होते आणि उजव्या पायाचा अंगठा पिवळा होता. लग्नघरात हळद कुणाला लागलेली नसते? कुणी बघितलं नाही. मी मात्र सगळे विधी सोडून त्या अंगठ्याकडेच बघत होते, आणि मुलगी निघताना रडले त्यातलं अर्धं रडणं त्या अंगठ्यासाठी होतं.

तो चढ आम्ही पुन्हा काढला नाही. दर सुगीला मी नव्यानं चोपायची. हे रोज पुढच्या दारानं बाहेर जायचे, म्हशीला लांबूनच हाक मारायचे. पाय पुन्हा लागला की नाही मला माहीत नाही. मीही तिकडे बघायचं सोडून दिलं होतं. सासूबाई गेल्या. हळद लावायचं काम माझ्याकडे आलं. कप तोच.

मग एका पौषात हेही गेले. गावातली चौघं-पाचजण आणि जावई ह्यांना उचलून बाहेर न्यायला आत आले. म्हणाल्याप्रमाणे ह्यांनी नाही म्हटलं नाही. दार सपाट, चढ गुळगुळीत, माणसं घाईत. त्यांनी ह्यांना कमरेच्याही खाली, लोंबतं धरलं होतं, जात्याचा दगड नेतात तसं. पाय पुढे होते. ताठ उजवा पाय सगळ्यांत खाली.

अशा वेळी बाईनं पुढे होऊन बोलायचं नसतं. मी दारात जाऊन उभी राहिले.

“वर घ्या,” मी म्हणाले. त्यांना कळेना. “वर घ्या म्हंते न्हवं! अजून वर!”

त्यांनी ह्यांना छातीपर्यंत उचललं. मी बघत राहिले. उंबऱ्याला काही लागलं नाही.